शेअर वर गेला तरी माझा कॉल अर्ध्यावर कसा आला?

पहिलाच_कॉल:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली शेअर घेतेय, थोडेथोडे, ठीकठाक चाललंय. ऑप्शनमध्ये मात्र पहिल्यांदाच हात घातला आणि डोकं पार गरगरलंय. झालं असं की एक शेअर १०० ला होता, सहा दिवसांत त्याचा रिझल्ट येणार होता, मला खात्री होती की रिझल्ट चांगलाच येणार, म्हणून मी १०५ चा कॉल ३ ला घेतला, एक्सपायरीला, म्हणजे ऑप्शन संपायच्या तारखेला, २० दिवस होते. रिझल्ट खरंच चांगला आला, शेअर १०३ वर गेला. मी खुशीत ॲप उघडलं तर कॉल १.६० वर!! मला वाटलं ॲपच गंडलंय, दोनदा बंद करून उघडलं. अंदाज बरोबर येऊनही जवळपास अर्धे पैसे गेले हे कसं काय? कुणी साध्या भाषेत सांगेल का, ते ग्रीक अक्षरांवाले व्हिडिओ बघून झालेत, काही डोक्यात शिरलं नाही. आणि आता १४ दिवस उरलेत, ठेवू की विकू?

थीटाकाका:
ॲप बरोबर आहे ताई. तुम्ही कॉल घेतला म्हणजे शेअर वर जाण्यावर पैसे लावले असं तुम्हाला वाटलं, पण खरं तर तुम्ही तीन गोष्टी एकदम विकत घेतल्या: दिशा, वेळ आणि खळबळ. दिशा बरोबर आली, बाकीच्या दोघींनी घात केला.

१०५ चा कॉल म्हणजे एक्सपायरीपर्यंत १०५ ला शेअर घ्यायचा हक्क. शेअर १०० ला असताना त्या हक्काची आत्ताची खरी किंमत शून्य, कारण बाजारात १०० ला मिळणारी वस्तू १०५ ला कोण घेईल. म्हणजे तुम्ही दिलेले ३ च्या ३ 'कदाचित'चे होते. हा कदाचित दोन गोष्टींवर ठरतो, दिवस किती उरलेत आणि शेअर किती उड्या मारेल असं बाजाराला वाटतंय. त्या उड्यांच्या अंदाजाला आयव्ही म्हणतात. रिझल्टच्या आधी सगळ्यांनाच माहीत असतं की काहीतरी मोठं होणार, म्हणून ऑप्शन विकणारा आधीच भाव वाढवून ठेवतो. रिझल्ट आला की उत्सुकता संपली, आयव्ही धाडकन खाली.

तुमचे आकडे कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघितले, व्याज-डिव्हिडंड सोडून. ३ भाव म्हणजे आयव्ही ५४ च्या आसपास होता, आता १.६० म्हणजे तो ३० वर आलाय. तुकडे पाडले तर असं दिसतं: सहा दिवस गेले त्यात साधारण ०.७ गेले. शेअर १०० चा १०३ झाला त्याने १.२ दिले. आणि आयव्ही पडला त्याने १.९ नेले. जोडा, १.४ चा खड्डा पडतो. म्हणजे वेळेपेक्षा आयव्हीनेच जास्त मारलंय. आयव्ही ५४ वरच राहिला असता तर आज तुमचा कॉल ३.५ च्या जवळ असता आणि तुम्ही ही पोस्ट टाकली नसती :)

अजून एक, एक्सपायरीला तुमचे पैसे सुटायला शेअर १०५ वर नाही, १०८ वर लागतो. १०५ अधिक दिलेले ३. हे ब्रेकईव्हन ऑर्डर टाकायच्या आधी लिहून ठेवायचं, २० दिवसांत ८ टक्के वर जायला हवा हे कागदावर दिसलं की हात आपोआप थबकतो.

पहिलाच_कॉल:
अय्यो, म्हणजे मी महागात घेतला हे मला कळलंच नाही, मला तर ३ म्हणजे स्वस्त वाटला होता. हे आधी कसं ओळखायचं? आणि मग काय करायला हवं होतं?

थीटाकाका:
ऑप्शनचा स्वस्त-महाग भाव बघून कळत नाही, आयव्ही बघून कळतो. ऑप्शन चेनमध्ये, म्हणजे सगळ्या ऑप्शनच्या भावांच्या तक्त्यात, आयव्हीचा कॉलम असतो, लोक तो लपवूनच ठेवतात. त्याच शेअरचा आयव्ही एरवी किती असतो ते बघायचं. एरवी ३० आणि आज ५४, तर समजायचं की बातमीचे पैसे आधीच भावात शिरलेत, आता बाजाराला वाटतंय त्यापेक्षाही मोठी उडी आली तरच तुमचा फायदा. ३ टक्क्यांची उडी ही वाईट उडी नव्हती हो, पण अपेक्षेपेक्षा लहान होती.

दुसरा मार्ग स्प्रेडचा. १०५ चा घेतला तेव्हाच ११० चा कॉल विकायचा, तो त्या आयव्हीला साधारण १.७ ला गेला असता. खिशातून गेले १.३. आज तो ११० चा ०.४ ला आहे, म्हणजे तुमच्या जोडीची किंमत १.२, तोटा ०.१ चा. आयव्ही पडला तेव्हा घेतलेला पडला तसा विकलेलाही पडला ना. बदल्यात काय सोडलं, तर शेअर ११० च्या वर कितीही गेला तरी तुम्हाला जास्तीत जास्त ३.७ च मिळणार. मला तरी हा सौदा पटतो.

भावबंद:
काका तुम्ही बिचारीला उगाच फिरवताय. खरेदी करूच नये मुळात. ऑप्शन विकावेत. वेळ जातो तो विकणाऱ्याच्या खिशात जातो, आयव्ही पडतो तोही विकणाऱ्याच्या खिशात. मी लांबचे पुट विकतो, म्हणजे आजच्या भावाच्या बऱ्याच खालच्या ठरलेल्या भावाला शेअर विकायचा हक्क दुसऱ्याला देतो, बहुतेक महिन्यांत सगळा प्रीमियम (त्या हक्काचे मिळालेले पैसे) घरी. घर बसल्या भाडं आल्यासारखं.

पोळलेला:
भाडं म्हणे. मीही हेच म्हणायचो, म्हणून लिहितोय.

१०० च्या शेअरवर ९० चा पुट विकायचो, महिन्याला १ मिळायचा. सात महिने एकेक लॉट (शेअरचा ठरलेला गठ्ठा), सातही महिने पैसे आले. मग अक्कल फुटली म्हणून दोन लॉट. तीन महिने तेही निघाले. अकराव्या महिन्यात दोन लॉट विकून झोपलो आणि रात्री कंपनीची एक बातमी आली, सकाळी शेअर उघडलाच ७८ वर. मधे ९५, ९०, ८५ असं काही नव्हतंच. माझा स्टॉपलॉस ३ ला लावलेला होता, तो १३ ला भरला गेला, कारण स्टॉपलॉस म्हणजे 'या भावाला पोचलं की बाहेर काढ' एवढंच, त्या भावाला घेणारा-देणारा कुणी असेलच असं नाही. हिशोब केला तर अकरा महिन्यांत मिळवले १५ आणि एका सकाळी दिले २६. शिवाय त्याच सकाळी ब्रोकरने मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, वाढवून मागितलं, मी दुसरे चांगले शेअर विकून ते भरलं. ते शेअर पुढे वर गेले हा वेगळा त्रास.

आणि एकाच शेअरचं सोडा, १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा अख्खा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला होता. 'लांबचा' पुट किती लांब असतो ते अशा दिवशी कळतं. तेव्हापासून लांबच्या पुटचा आयव्ही जवळच्यापेक्षा जास्त राहतो, म्हणजे बाजारालाही ती आठवण आहे, भावबंदसाहेबांना नाही.

भावबंद:
मी शेअरचे पूर्ण पैसे बाजूला ठेवून विकतो. पडला तर पडला, ९० ला घेऊन ठेवीन. तुम्ही उधारीवर दोन लॉट विकलेत, दोष ऑप्शनचा कसा?

पोळलेला:
हे आधी लिहायचं ना मग! पूर्ण पैसे ठेवून आणि जो शेअर ९० ला खरंच घ्यायचाय त्याचाच पुट विकणं यात माझा वाद नाही. ९० चा घेतला आणि बाजारात ७८ असला तरी तोटा तर आहेच, पण दुसरं काही विकावं लागत नाही. नवीन माणूस मात्र 'भाडं' एवढंच वाचतो आणि मार्जिनवर सुरू करतो.

आळशी_पैसा:
मी नेहमीप्रमाणे उशिरा आणि नेहमीचंच बोलायला. ताई, तुमचे दोन वर्षांचे शेअर ठीकठाक चाललेत म्हणता, ते इंडेक्सपेक्षा, म्हणजे बाजाराच्या सरासरीपेक्षा, बरे चाललेत का हे कधी मोजलंय? बहुतेक जण मोजत नाहीत. बार्बर आणि ओडीन या दोन प्राध्यापकांनी १९९१ ते १९९६ मधली अमेरिकेतल्या एका ब्रोकरची ६६ हजारांवर खाती तपासली होती, त्यात सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले आणि बाजाराने तेव्हा १७.९ दिले. म्हणजे ते मूर्ख होते असं नाही, नुसत्या उलाढालीच्या खर्चाने खाल्लं. आणि तो अभ्यास साध्या शेअरचा आहे, ऑप्शनचा नाही.

खर्चाचं लोकांना काही वाटत नाही कारण तो १ टक्का दिसतो. १० टक्क्यांनी ३० वर्षांत पैसे साडेसतरा पट होतात, ९ टक्क्यांनी सव्वातेरा पट. एका टक्क्याने जवळपास चौथा हिस्सा गेला की. म्हणून जॉन बोगलने १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी इंडेक्स फंड आणला तेव्हा लोक हसले होते, की नुसती सरासरी कुणाला हवीय. आणि तोट्याचं गणित तर त्याहून वाकडं, ५० टक्के पडलं की परत यायला १०० टक्के लागतात.

माझं साधं आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजारात नाहीच. पाच वर्षांत लागणारे पैसे बाजारात नाहीत. उरलेले बहुतेक इंडेक्समध्ये. ऑप्शन हवाच तर शून्य झाला तरी झोप लागेल एवढ्याच पैशांचा.

थीटाकाका:
आळशीशी सहमत, फक्त ऑप्शन म्हणजे जुगारच असा सूर लावू नका. पुट मुळात विम्यासारखा वापरायची वस्तू आहे. शेअर विकायचा नाही पण दोन महिने भीती वाटतेय, तर पुट घ्यायचा, प्रीमियम गेला तर गेला, विम्याचा हप्ता कुठे परत मिळतो. शिकागोला १९७३ मध्ये ऑप्शनचं एक्सचेंज सुरू झालं तेव्हा फक्त १६ शेअरवर कॉल होते, पुट १९७७ ला आले. आजच्या ॲपवर बोटाने सरकवत जावं लागतं इतकी लांब चेन असते, हाच खरा घोळ आहे.

पहिलाच_कॉल:
सगळ्यांचे आभार, पोळलेला तुमची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो परवाच पुट विकायचं म्हणत होता. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच, ठेवू की विकू? ३ चे परत आले की विकेन असं वाटतंय.

थीटाकाका:
बाजाराला तुमचे ३ माहीत नाहीत. असं समजा की तुमच्याकडे कॉल नाही, खात्यात १.६० पडलेत, शेअर १०३ ला, १४ दिवस उरलेत. आज हा कॉल १.६० ला नव्याने घ्याल का? एक्सपायरीला शेअर १०६.६० च्या वर लागेल आणि रिझल्ट तर होऊन गेला. घ्याल तर ठेवा, नसाल घेणार तर विका. आणि मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकू नका, लिमिट (तुम्ही ठरवलेल्या भावाला) टाका.

पहिलाच_कॉल:
नाही हो, नसता घेतला. आत्ताच विकला. पण १.६० ला अर्धा तास कुणी घेईना, शेवटी १.५० ला गेला. स्क्रीनवर तर १.६० दिसत होता??

थीटाकाका:
तो शेवटचा सौदा झालेला भाव, कदाचित तासाभरापूर्वीचा. घेणारा १.५० देतोय आणि विकणारा १.७० मागतोय, मधे कुणीच नाही. पुढच्या वेळी घेण्याआधीच ते दोन आकडे बघा.