टोपीचे रिव्हॉल्व्हर काडतुसाचे करावे का?

मूळ मत : धुळे

पारोळ्याजवळच्या एका जुन्या वाड्यात माळा आवरताना माझ्या मित्राला पणजोबांच्या पेटीत टोपीचे, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी स्फोटक टोपी लावून उडवायचे, रिव्हॉल्व्हर सापडले. त्याने ते तातडीने पोलीस ठाण्यात दाखवले आणि जमा केले, हे त्याने योग्यच केले. आता त्याच्या पुतण्याचे म्हणणे असे की परवाना मिळवून ते काडतुसावर चालेल असे करून घ्यावे, कारण दारू ठासून आणि टोप्या बसवून बार काढण्यात काही अर्थ उरलेला नाही.

या विचाराला माझा पूर्ण विरोध आहे. अशा रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधली घरे फक्त पुढून उघडी असतात. दारू आणि शिशाची गोळी पुढून ठासायची आणि मागच्या बंद भिंतीत बसवलेल्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ खुंटीवर, टोपी चढवायची, ही त्याची सारी रचना आहे. काडतूस मागून भरायचे म्हटले की ही मागची भिंतच काढून टाकावी लागते, आणि एकदा कापलेली भिंत कोणताही कारागीर पूर्वीसारखी करून देऊ शकत नाही.

प्रतिसाद : भुसावळ, निवृत्त फिटर

आपल्या भावनेचा मी आदर करतो, पण असा बदल म्हणजे इतिहासाची नासधूस हे मला मान्य नाही, कारण हा बदल हाच मुळात इतिहास आहे. आरपार घरे असलेल्या सिलिंडरचे पेटंट अमेरिकेत रोलिन व्हाइट यांना १८५५ मध्ये मिळाले आणि ते वापरण्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीने दर नगामागे २५ सेंट देऊन घेतला, त्यामुळे कोल्टसारख्या मोठ्या कारखान्यालाही १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत थांबावे लागले. रेमिंग्टनने मात्र त्याआधीच, १८६८ मध्ये, स्मिथ अँड वेसन यांच्याशी करार करून आपली टोपीची रिव्हॉल्व्हरे काडतुसाची करून विकली. कोल्टने पुढे रिचर्ड्स आणि मेसन या आपल्याच माणसांच्या रचनेनुसार सिलिंडरचा मागचा भाग कापून तिथे नवी तबकडी बसवली, आणि कारखान्यात साठलेले जुने भाग कामी लावले. १८७३ चे प्रसिद्ध कोल्ट याच अनुभवातून आले.

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. ज्या एन्फिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांनी १८५७ चा भडका उडाला, त्याच नमुन्याच्या ठासणीच्या बंदुका ब्रिटिशांनी १८६६ पासून स्नायडर पद्धतीने मागून भरण्याच्या करून घेतल्या. ती कामे हातात कला असलेल्या माणसांनी केली, आणि चालण्यासाठी घडवलेली वस्तू चालती ठेवण्यात मला कमीपणा दिसत नाही.

प्रतिसाद : जळगाव, वकील

भुसावळचे अण्णा, कारागिरीचा मुद्दा बाजूला ठेवून कायद्याची बाजू मांडतो, कारण पुतण्याला ती ठाऊक नसावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे किंवा त्यात रूपांतर करणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि स्वतःजवळ शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे तो नव्हे. कलम ४५ मधली सूट जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना आहे खरी, परंतु ते शस्त्र दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. थोडक्यात, टोपीचे आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही, आणि लेथवर नेऊन ते चालते केले तर वारशाचे प्रकरण फौजदारी होईल.

प्रतिसाद : शिरपूर

मी अण्णांच्या बाजूचा आहे, निदान अर्धा तरी. कपाटात गंजत पडलेल्या वस्तूला जतन म्हणण्याची आपली सवय मला खटकते. सातपुड्यात ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला भिल्ल आणि कंपनीचे सैन्य यांची लढाई झाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातातल्या शस्त्रांत किती अंतर होते हे आमच्या मुलांना पुस्तकातल्या एका ओळीवरून कळत नाही. चालते शस्त्र जाणकाराने मैदानात दाखवले तर ते कळेल.

मूळ लेखक : धुळे

शिरपूरच्या दादांची कळकळ मला पटते, पण त्यांचाच दाखला माझ्या बाजूने जातो. त्या काळचे अंतर दाखवायचे तर ठासायला लागणारा वेळ, ओली झालेली दारू, फुटलेली टोपी सिलिंडरमागे अडकणे, हे सारे तसेच राहिले पाहिजे. काडतुसाचे केलेले रिव्हॉल्व्हर १८५८ ची नव्हे, त्यानंतरच्या काळाची गोष्ट सांगेल.

अण्णा, कोल्टने १८७१ च्या सुमारास केलेला बदल आणि आज आपण केलेला बदल यांत मी फरक करतो. त्यांनी चालू वापरातल्या मालाचे आयुष्य वाढवले. त्या वेळचे रूपांतरित नग मिळाले तर ते मूळ स्थितीत आणू नयेत, असेही मी म्हणेन. आपल्याकडे मात्र एकच नग आहे, आणि त्याचा घडणकाळ हाच त्याचा अर्थ आहे. शिवाय धातूचा प्रश्न उरतोच. आजच्या काडतुसांतली जास्त दाबाची धूररहित दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये तयार झाली, तर ही रिव्हॉल्व्हरे त्याआधीची, काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी घडवलेली आहेत. कोल्टच्या जुन्या नमुन्यांत तर सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टीही नाही, नळी एका पाचरीवर तोललेली असते. सिलिंडर नव्या पोलादाचे केले तरी बाकीचा सांगाडा जुनाच राहतो. परदेशात नव्याने बनवलेल्या नकलांवर लोक काढघालीचे सिलिंडर बसवतात, तिथे माझी हरकत नाही, कारण तिथे काहीच गमावले जात नाही.

परवानगीची कागदपत्रे पूर्ण झाली की हे शस्त्र धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळ या इतिहास संशोधन संस्थेला द्यावे, असे मी मित्राला सुचवले आहे.

प्रतिसाद : भुसावळ, निवृत्त फिटर

एकच नग आहे, हा मुद्दा मी मान्य करतो. तबकडी आणि सिलिंडर बदलणे शक्य आहे म्हणून ते केलेच पाहिजे, असे माझे म्हणणे नव्हते. नकला आणि त्या काळी बदललेले नग यांबाबतचे माझे मत मात्र कायम आहे.

मंडळाकडे देण्याआधी एक काम विसरू नका. पेटीत ठेवताना ते भरलेले होते की रिकामे, हे जाणकाराकडून तपासून घ्या. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, म्हणून तोवर कोणी घोडा ओढून पाहू नये आणि गंज काढण्यासाठी पॉलिश पेपरही लावू नये.