व्ही-क्रॉसला लिफ्ट करताना स्प्रिंग आणि शॉक कोणत्या वजनासाठी निवडावेत?

प्रश्न

माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर पिकअप आहे. तिला पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहेत, तर मागे अखंड ॲक्सलवर पाटे आहेत. आठवड्यातले बहुतेक दिवस ती जुन्नर तालुक्यातील आमचे शेत आणि नारायणगावचा बाजार यांच्या दरम्यान धावते. हंगामात टोमॅटोचे किंवा द्राक्षांचे क्रेट मिळून हौद्यात सुमारे ५०० किलो माल असतो, एरवी मात्र हौदा जवळजवळ रिकामाच असतो. पावसाळ्यात नाणेघाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर गाडीचे पोट घासते, आणि पुढील उन्हाळ्यात कुटुंबासह स्पितीला जाण्याचा विचार आहे. पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) आणि इंजिनाखालचा जाड पत्रा यांचे ६० किलो, तर मागे अवजारांची पेटी, दुसरी स्टेपनी आणि पाण्याची टाकी यांचे ९० किलो वजन कायमचे वाढलेले आहे.

एका दुकानदाराने ७५ मिमी लिफ्ट (म्हणजे गाडीची उंची तेवढी वाढवणे), मागे ३०० किलो कायम वजनासाठी बनवलेले जड पाटे आणि ‘नायट्रोजनचे शॉक’ सुचवले आहेत. दुसऱ्याचे म्हणणे असे की पुढे स्पेसर (स्प्रिंगच्या वर बसवायची चकती) आणि मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी पट्टी) टाकले की अगदी कमी खर्चात तेवढीच उंची मिळते. गाडी भरलेली असतानाचे वजन धरून स्प्रिंग घ्यावेत की रिकामी असतानाचे, आणि शॉक त्यानुसार कसे ठरवावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपण वजनाचे आकडे आधीच दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तरीही एक काम आधी करावे: डिझेलची टाकी भरून आणि नेहमीचे सर्व सामान ठेवून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढची चाके व मागची चाके यांचे वजन वेगवेगळे घ्यावे. हौद्यातील पेटी ॲक्सलच्या मागे आहे की पुढे, यावर पुढच्या चाकांवरचा भार कमी-जास्त होतो आणि तो अंदाजाने कळत नाही.

स्प्रिंग नेहमी कायमच्या वजनासाठी निवडावेत, कधीमधी येणाऱ्या वजनासाठी नव्हे. हे हिशेबाने पाहू. समजा, आपल्या मूळ पाट्याचा ताठपणा दर सेंटिमीटरला ४० किलो आहे आणि जड पाट्याचा ५५ किलो. ५०० किलो माल ॲक्सलच्या बरोबर वर ठेवला तर प्रत्येक बाजूला २५० किलो येतात. मूळ पाटा सुमारे सव्वासहा सेंटिमीटर दबतो आणि जड पाटा साडेचार. म्हणजे हंगामातल्या त्या दिवसांत मिळणारा फायदा पावणेदोन सेंटिमीटरांचा आहे. आता उलट बाजू पाहा. ३०० किलो गृहीत धरून बनवलेल्या पाट्यावर आपले फक्त ९० किलो असतील, तर राहिलेल्या २१० किलोंच्या अभावी मागची बाजू आणखी जवळजवळ दोन सेंटिमीटर वर राहील, ७५ मिमीची लिफ्ट प्रत्यक्षात ९५ मिमीच्या घरात जाईल आणि वर्षातले बहुतेक दिवस गाडी मागून उड्या मारत चालेल. रिकाम्या गाडीचे मागचे चाक खडबडीत चढावर जमिनीला चिकटून राहत नसेल, तर त्या उंचीचा काहीच उपयोग नाही, कारण पकड टायरच्या जमिनीशी असलेल्या संबंधातून येते. म्हणून मागे १०० किलोंच्या आसपास कायम वजनासाठी असलेला मध्यम पाट्यांचा संच आणि पुढे विंच आणि पत्र्याचे ६० किलो धरून बनवलेले कॉइल घ्यावेत. ऑस्ट्रेलियातील ओल्ड मॅन एमूसारखे ब्रँड एकाच गाडीसाठी वजनाप्रमाणे वेगवेगळे स्प्रिंग देतात, ते याच कारणाने.

उंचीबद्दल माझे स्पष्ट मत असे की या गाडीला ४० ते ५० मिमीच्या पुढे नेऊ नये. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे गाडी जितकी वर जाते तितका चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो. त्याचे रबरी बूट लवकर फाटतात आणि चाक पूर्ण वळवून चढ चढताना सांध्यावर फार ताण येतो. ७५ मिमीसाठी बदललेला वरचा आर्म लागतो आणि बहुधा पुढचे डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) खाली घ्यावे लागते. शिवाय लिफ्टने मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. मागच्या अखंड ॲक्सलखाली उंची हवी असेल तर ती फक्त मोठ्या टायरने मिळते.

स्पेसरचा सल्ला मी टाळण्यास सांगेन. दुहेरी विशबोनमध्ये स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे वर लावलेला २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी सुमारे ५० मिमी होतो. त्याने संपूर्ण शॉक तेवढा खाली ढकलला जातो आणि चाक मोकळे लटकताना कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खाली जाते. तेथे वरचा बॉल जॉइंट आपल्या टोकाला पोहोचतो. लांब शॅकलने मिळणारी उंची शॅकलच्या वाढलेल्या लांबीच्या निम्मीच असते आणि ॲक्सल किंचित फिरल्याने पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शक्ती आणणाऱ्या दातचाकाचा) कोनही बदलतो. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये उंच ठोकळा घालण्याचा मार्ग आणखी वाईट आहे, कारण जोर दिल्यावर ॲक्सल पिळवटतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो.

आता शॉकविषयी. स्प्रिंग गाडी उचलून धरतो, तर शॉक त्या स्प्रिंगची हालचाल आवरतो. म्हणून दोन्ही एकत्रच निवडावे लागतात. ताठ स्प्रिंग दबताना जास्त ऊर्जा साठवतो आणि ती परत देताना जुना शॉक अपुरा पडतो, त्यामुळे गतिरोधकावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहते. उलट, परतीचा रोध फार कडक असेल तर सलग खड्ड्यांवर स्प्रिंगला पूर्ण उलगडायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. म्हणून विक्रेत्याला शॉकच्या नावाऐवजी असे विचारावे की हा शॉक कोणत्या ताठपणाच्या स्प्रिंगसाठी जुळवला आहे.

‘नायट्रोजनचे’ या शब्दाने भारावून जाऊ नये. दुहेरी नळीच्या अनेक शॉकमध्येही कमी दाबाचा नायट्रोजन असतो. खरा फरक रचनेत आहे. शॉक गाडीची हालचाल उष्णतेत बदलतो. स्पितीच्या रस्त्यावरील ग्राम्फूपासून बातलपर्यंतच्या दगडी वाटेवर तासन्‌तास तेच काम चालले की तेल तापते आणि वायू तेलात मिसळून फेस झाला तर रोध घटतो. एकेरी नळीच्या शॉकमध्ये तरंगता पिस्टन वायू आणि तेल वेगळे ठेवतो, आणि एकच भिंत असल्यामुळे उष्णताही लवकर बाहेर पडते. मात्र त्याच भिंतीवर दगड आदळून खोक पडली तर आतला पिस्टन अडकतो; दुहेरी नळीचा शॉक बाहेरची खोक पुष्कळदा सहन करतो. आपल्या वापरासाठी जाड नळीचा, फोम सेल (मोकळ्या वायूच्या जागी बंद फोम) असलेला दुहेरी नळीचा शॉक पुरेसा आहे, असे मला वाटते. शेतातल्या वाटेवर आणि घाटात तो गरम होऊन थकण्याइतके काम त्याला पडत नाही, आणि स्पितीत अधूनमधून थांबावे लागतेच.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. बसवण्याच्या कामाबद्दल थोडे जोडतो, कारण चांगले स्प्रिंगही चुकीच्या बसवणुकीने बिघडतात. पाट्यांच्या आणि आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के करू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन स्प्रिंगवर आल्यावरच ते कसावेत, अन्यथा बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहून काही महिन्यांत फाटतात. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत, टॉर्क रेंचने कसावेत आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पुढची उंची वाढली की कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची प्रवृत्ती मंदावते, म्हणून त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावी आणि कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घ्यावा. गाडी जागेवरून निघताना खालून थरथर जाणवली, तर प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या ॲक्सलकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) सेंटर बेअरिंगची उंची जुळवावी लागेल. चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे. हेडलाइटचा झोत वर जातो. तो खाली आणल्याशिवाय रात्री घाटात उतरू नये, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

तिसरे उत्तर

कायद्याची बाजूही विचारात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ स्पष्ट केला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. त्यांनी नकार दिला तर मूळ उंचीचेच, पण वाढलेल्या कायम वजनाला साजेसे स्प्रिंग आणि चांगले शॉक घेण्याबद्दल विचारता येईल; गाडी मागून बसण्याची अडचण त्यानेही बरीच दूर होते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. वजनकाट्यावर जाऊन येतो आणि लेखी विचारणाही करतो. एकच शंका राहते: मध्यम पाटे घेतल्यावर द्राक्षांच्या हंगामासाठी पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवाव्यात का? आमच्याकडे काही जणांनी त्या बसवल्या आहेत.

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

बसवू नयेत, असे मी सांगेन. पाट्यांच्या गाडीत मागचा भार चॅसीवर दोन ठिकाणी वाटला जातो: पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी आणि मागच्या शॅकलपाशी. हवेची पिशवी त्यातला मोठा वाटा ॲक्सलच्या बरोबर वर, एकाच जागी आणते. डबल कॅब पिकअपचा हौदा बराचसा ॲक्सलच्या मागे असतो; तेथे जड माल भरून पिशव्या फुगवल्या आणि गाडी खड्ड्यात आदळली, की चॅसी नेमकी त्या जागी वाकू शकते. ऑस्ट्रेलियात अशा वाकलेल्या पिकअपची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. त्याऐवजी ज्या संचात खालचा एक जाड पाटा ठरावीक दबावानंतरच कामाला लागतो, असा संच मागावा. रिकाम्या गाडीत तो स्पर्शही करत नाही आणि ५०० किलोंवर आधार देतो. क्रेट रचताना सर्वांत जड थर केबिनला टेकून ठेवावा, दुसरी स्टेपनी आणि पाण्याची टाकी त्या दिवशी घरी उतरवून जावी, आणि मागच्या टायरची हवा दारावरच्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्यावर आणावी.