‘बायोमार्कर’ला आपल्याकडे काय म्हणाल?

शिक्षक, दारव्ह्याकडून
नववीच्या फळ्यावर लिहिलं : ‘कार्बनच्या अब्जांश नळ्यांनी कर्करोगाच्या जैवचिन्हकांचा शोध’. ‘अब्जांश’ पोरांना पटला, नॅनो म्हणजे अब्जावा भागच. ‘जैवचिन्हक’वर, म्हणजे बायोमार्करवर, मात्र वर्ग गप्प. ‘लक्षण’ लिहू का?

परिचारिका, आर्वीकडून
लक्षण नका लिहू, सर. लक्षण पेशंटला जाणवतं. तोंडाच्या कर्करोगात तोंड पुरतं उघडत नाही, तिखट झोंबतं. (तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे तेवढ्यावरही दवाखान्यात येत नाहीत, ते जाऊ द्या.) बायोमार्कर म्हणजे, समजा, रक्तात नाहीतर लाळेत वाढलेलं एखादं प्रथिन. त्याचा पेशंटला पत्ताच नसतो. मी सरळ ‘खूण’ म्हणते.

शेतकरी, पुलगावकडून
नेमका शब्द वावरातच हाय ना जी. डोमकळी! पऱ्हाटीचं, म्हंजे कपाशीचं, फूल उमलत नाही, पाकळ्या धाग्यानं बांधल्यावानी मिटलेल्या. वरून अळी दिसत नाही, चिमटीनं उकललं की आत गुलाबी बोंडअळी. अन् तुमच्या नळ्या म्हणजे कामगंध सापळे.

परिचारिका
भाऊ, डोमकळी झकास. पण सापळ्यातला गंध पतंगाला ओढून आणतो, इथं कोणी कोणाला ओढत नाही. नळीवर किंवा ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्याच, एका अणूएवढ्या जाड थरावर प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच धरणारे रेणू) बसवतात. ठरावीक प्रथिन त्यांना येऊन चिकटलं की नळीतून किंवा थरातून वाहणारी वीज किंचित बदलते, तेवढा बदल मोजायचा. एकपदरी नळी १-२ नॅनोमीटर रुंद, सगळे अणू पृष्ठभागावरच. म्हणून जरासं प्रथिनही तिला कळतं.
आणखी एक. डोमकळी उकलली की अळी हाती लागते. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या कर्करोगात वाढतं, तसं नुसत्या सुजेनं किंवा उतारवयात ग्रंथी वाढली तरी वाढतं. खूण दिसली म्हणजे निदान झालं नाही. निदान ग्रंथीचा तुकडा काढून तपासल्यावर.

शेतकरी
मंग ‘खूण’च ठेवा. पण ‘शोध’ खोडा. पोरं विचारतील, कर्करोगाचा शोध कोणी लावला?

शिक्षक
विचारलंच! मागच्या बाकावरून. आता फळ्यावर आहे : ‘कार्बनच्या अब्जांश नळ्यांनी कर्करोगाच्या खुणा लवकर हुडकणे’. ‘हुडकणे’ पाठ्यपुस्तकी नाही, राहू दे. एक पोरगी उद्या वावरातून डोमकळी आणते म्हणाली.