बेळगावात राहून आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा?

टिळकवाडीकर: पुतणी इनलाइन स्केटिंग करते, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांवर. आता ज्युनिअर आइस हॉकीचं मनावर घेतलंय. इथं बर्फ नाही, तयारी कशी करायची?

शहापूरची आई: दादा, पोरीला अडवू नका! तोल, वेग कामी येतो. थांबणं मात्र नव्यानं शिकावं लागतं. बर्फावर बुटाखालची पाती आडवी करून खरवडत थांबतात. चाकं तशी सहज घसरत नाहीत. माझा लेक पहिल्यांदा थेट कडेच्या फळीवर गेला, पण रडला नाही. देहरादूनला हिमाद्री हे बंदिस्त रिंक, म्हणजे छताखालचं बर्फाचं मैदान आहे, आधी तिथं सराव करू दे.

खानापूरकर: स्पर्धा लेहला असेल तर आधी पोचा. साडेतीन हजार मीटर उंची, दम लागतोय. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती.

टिळकवाडीकर: ताई, पाती भाड्यानं मिळतात काय?