दसऱ्याआधी बाबांची रिव्हॉल्व्हर आरशासारखी चमकवावी का?

सदरवाला (धागा माझा)
बाबा गेले आणि त्यांची बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर वारसा परवान्यावर माझ्याकडे आली. परदेशी बनावटीची, स्टेनलेस स्टीलची. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही आचारसंहितेत ती ठाण्यात जमा होती आणि दोन्ही वेळा मी ती चामड्याच्या कव्हरातच ठेवून दिली. चूक माझीच. परत आणली तर बॅरलच्या एका बाजूला तांबूस ठिपके. ब्रासो आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने ठिपके गेले, पण घासलेली तेवढी जागा आता लख्ख दिसते आणि बाकीची रिव्हॉल्व्हर धुरकट.

माझं मत स्पष्ट आहे. स्टील चमकलंच पाहिजे. दसऱ्याला पाटावर आजोबांची तलवार चकचकीत आणि शेजारी ही राखाडी, हे बरं दिसत नाही. पूर्ण आरसा पॉलिश करायचा विचार आहे. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं ‘नको’ नको.

लेथमास्तर
भाऊ, कारण घे. हिंगण्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं धातूच घासला आहे. तुझी रिव्हॉल्व्हर मळकी नाही, कारखान्यातूनच ती मॅट निघाली आहे. अंगावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे असतात, त्यामुळे उजेड विखुरतो. आरसा हवा म्हणजे ते ओरखडे संपेपर्यंत धातू खाली न्यायचा. 400 नंबरच्या पाणपेपरपासून सुरू, मग 600, 800, 1000, 1500, 2000. दर नंबरला दिशा आडवी बदलायची आणि आधीच्या पेपरची एकही रेघ उरली नाही याची खात्री करूनच पुढे जायचं. घाई केली की शेवटी हिरव्या रूजने, म्हणजे चमकवायच्या लुकणाने, बफ मारल्यावर 400 ची रेघ दात काढून हसते.

आणि पेपर बोटाने दाबून घासलास तर स्क्रूच्या भोकाभोवती खळगी पडते. सपाट बाजूला लाकडी ठोकळाच पाहिजे. साइडप्लेट, म्हणजे बाजूचं झाकण, काढून वेगळी घासली तर तिच्या कडा गोल होतात आणि बसवल्यावर सांध्याची रेघ जन्मभर दिसते. जागेवर ठेवून घासली तर सांध्यातून भुकटी आत जाते. मग ती धुवायला सगळा पसारा उघडा. एका दिवसाच्या पूजेसाठी काहून एवढा उपद्व्याप?

इतवारीची सून
आधी चुंबक लावून पाहा. आमच्याकडे भांडी घेताना हाच नियम. चिकटलं तर ते खरं स्टेनलेस नाही, मुलामा आहे. मुलामा घासलात तर खालचा लोखंडी रंग वर येईल.

लेथमास्तर
वहिनी, भांड्यांपुरतं ठीक. चांगली भांडी 304 नंबरच्या स्टीलची, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, म्हणून चुंबक धरत नाही. रिव्हॉल्व्हरला बहुधा 400 मालिकेतलं स्टील घेतात, कारण ते तापवून टणक करता येतं. ते चुंबकाला चिकटतंच. क्रोमियम आणि निकेल दोन्ही कमी, म्हणून गंजाला थोडं कच्चंही. मुलाम्याची शंका मात्र रास्त आहे. धारेच्या कडा पाहायच्या, मुलामा तिथेच आधी उडतो. आणि निकेलचा मुलामा निघाला तर ब्रासोचा डबा बंद. त्यातला अमोनिया मुलाम्याखालच्या तांब्याला खातो.

परेडनंतर
मी धागामालकाच्या बाजूने. सगळे चमकेला नटवेपणा समजून राहिले. गुळगुळीत पृष्ठभागावर घाम आणि ओल कमी टिकते, खडबडीत अंगावर जास्त. म्हणजे नीट केलेलं पॉलिश गंजाला अडवतंच. स्टेनलेस टिकतं ते 10.5 टक्क्यांहून जास्त क्रोमियममुळे. हवेशी गाठ पडली की त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बनतो, घासला तरी परत धरतो. मग भीती कसली? शिवाय 1965 मध्ये पहिली स्टेनलेस रिव्हॉल्व्हर बाजारात आली तीच मुळी ब्लूइंग, म्हणजे साध्या पोलादावरचा निळा-काळा थर, सांभाळायची कटकट नको म्हणून. वापरायचा धातू आहे, वापरा, घासा.

महालचा भाचा
आमच्या मामांनी पण असंच म्हटलं होतं. दसऱ्याच्या आठवड्यात भांडी बफ करणाऱ्याकडे घेऊन गेले. चाक फिरलं, तीन मिनिटांत काम फत्ते. मामा खूश! घरी येऊन पाहतात तर बॅरलवरची अक्षरं अर्धी पुसलेली, आणि फ्रेमवरच्या नंबरातला 8 की 3 ते भिंगातून ठरवावं लागे. नूतनीकरणाला शस्त्र दाखवायला गेले तेव्हा अर्धा दिवस जबाबात गेला. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 8 मध्ये नंबर किंवा खूण पुसायची सरळ मनाई आहे. ‘बफिंगवाल्याने केलं’ हे उत्तर चालत नाही, कारण भांडीवाल्याच्या हातात शस्त्र दिलंच कसं हा पुढचा प्रश्न तयार. परवानाधारक बंदूक दुकान सोडून कुठेही नेऊ नका.

परेडनंतर
मामांनी मूर्खपणा केला, तो पॉलिशच्या माथी मारू नका. चाकाला कोण सांगतं आहे? हाताने करा.

लेथमास्तर
हाताने कर, पण सिलिंडरवरची पट्टी आणि समोरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, सोड. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ती पट्टी चमकली तर नेम दिसायचा नाही, नुसती तिरीप. चकचकीत रिव्हॉल्व्हर काढणारे जुने कारखानेही वरची बाजू मॅटच ठेवत. आणि लक्षात घे, मॅट अंगावर ओरखडा लपतो. आरशावर बोटाचा ठसासुद्धा दिसतो. दर आठवड्याला पुसत बसशील.

लख्ख झालेला तेवढा तुकडा परत मॅट करायचा असेल तर करड्या स्क्रबपॅडने बॅरलच्या दिशेने, एकाच अंगाने, हलक्या हाताने चार-सहा वेळा ओढ. बाकीच्यात मिसळून जाईल. हिरवा पॅड नको, तो जाड आहे. भांड्यांची लोखंडी घासणी तर नकोच. तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात नारिंगी ठिपके घेऊन येतात.

इतवारीची सून
मला तर त्या चामड्याच्या कव्हराचंच नवल वाटतं. आम्ही चांदीसुद्धा सुती कापडात ठेवतो.

सदरवाला
कव्हर कालच काढून टाकलं, आता सुती फडकं आणि तेलाचा हात. चुंबक चिकटलं, धारेच्या कडा एकसारख्या आहेत, म्हणजे मुलामा नाही.

मत बदललेलं नाही, चमक मला हवीच. पण पाणपेपर बाद. गोळ्या दुसऱ्या खोलीत, सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी पाहिली, मग फक्त बॅरलच्या दोन्ही बाजू आणि सिलिंडरचं बाहेरचं अंग मेटल पॉलिशने हाताने. नंबर आणि अक्षरांवर आधी टेप लावली. वरची पट्टी जशी होती तशी. दोन तास लागले. लख्ख म्हणावं असं नाही, पण तलवारीशेजारी लाज वाटणार नाही. मास्तर, हार मानली नाही बरं, अर्धं ऐकलं.

लेथमास्तर
अर्धं पुष्कळ झालं. सिलिंडरच्या समोरच्या तोंडावर काळी वर्तुळं दिसतील, ती घासून काढायच्या नादी लागू नको. गोळी सुटली की ती परत येतात, आणि तिथे बॅरल-सिलिंडरमधली फट केसाएवढी असते, घासून वाढवायची नाही. अन् पूजेला ओलं कुंकू लावशीलच. त्याच संध्याकाळी पुसून टाक. सकाळी डाग दिसला तर इथे येऊन माझ्या नावाने ओरडू नको.