टेस्टोस्टेरॉन: इंजेक्शन चालू ठेवू की जेलवर जाऊ? (अनुभव हवेत)

नमस्कार मंडळी. वय ४४, मुक्काम नाशिक. आधीच सांगतो, जिमचा मामला नाही. दोन वर्षांपूर्वी पिट्यूटरीची (मेंदूखालची ग्रंथी, तीच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा निरोप देते) गाठ नाकावाटे काढली. साधी निघाली, कर्करोगाची नव्हे, पण तेव्हापासून शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जवळजवळ तयारच होत नाही. सकाळी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा शंभराच्या आत (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). तीनशेच्या खाली म्हणजे कमी धरतात.

सध्या दर तीन आठवड्यांनी कमरेत टेस्टोस्टेरॉनचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतो. चार एस्टरचं (टेस्टोस्टेरॉनची हळूहळू सुटणारी रूपं) मिश्रण, तेही शेंगदाणा तेलात! कंपाउंडरकाका अँप्युल तळहातात चोळत बसतात, तेल पातळ होईपर्यंत गावच्या गप्पा होतात. सुईचं काही नाही हो, चढ-उतारानं वैताग आणलाय. पहिल्या आठवड्यात गंगापूर धरणापर्यंत सायकल मारून येतो, तिसऱ्यात जिना चढून आलो की चप्पल काढायचाही कंटाळा. बायको कॅलेंडर न बघता सांगते, "तुमचं इंजेक्शन जवळ आलंय." शिवाय हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते) ४६ वरून ५२ वर गेलाय. ५४ च्या वर गेला तर इंजेक्शन थांबवावं लागेल म्हणाले डॉक्टर.

त्यांनी दोन पर्याय दिलेत. रोज सकाळी खांद्याला लावायचं जेल, ५ ग्रॅमच्या सॅशेत ५० मिलिग्रॅम. नाहीतर एरंडेल तेलातलं ४ मिलीचं अनडेकॅनोएटचं (जास्त दिवस पुरणारा एस्टर) इंजेक्शन: दुसरं सहा आठवड्यांनी, मग दर १० ते १४ आठवड्यांनी एक. गोळ्यांचं विचारलं, तर जुन्या मिथाइलटेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या यकृताला बाधतात, आणि अनडेकॅनोएटच्या कॅप्सूल तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतल्या तरच अंगी लागतात. माझ्या जेवणाच्या वेळा बघता बाद.

मन जेलकडे ओढतंय, पण चार वर्षांची लेक रात्री माझ्या खांद्यावरच झोपते. खर्चही इंजेक्शनच्या कितीतरी पट. घरात लहान मूल असताना कोणी जेल वापरलंय का? कसं निभावलं?

प्रतिसाद १
तीन वर्षं जेलवर आहे, घरात जुळी. तुमची भीती खोटी नाही. मोठ्यांच्या अंगावरचं जेल लागून लहान मुलांना अवेळी केस आल्याच्या घटना घडल्या, म्हणून अमेरिकेत २००९ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. मी अंघोळीनंतर लावतो, हात साबणाने धुतो, वाळलं की बाह्यांचा बनियन. संध्याकाळी आल्या आल्या खांदे धुतो, मगच पोरं अंगावर. बनियनही त्यांच्या हाती लागू देत नाही. चढ-उतार गेला. पण आळशी माणसानं या वाटेला जाऊ नये.

प्रतिसाद २
दादा, मी ते तीन महिन्यांचं अनडेकॅनोएट घेतो. सावकाश टोचतात आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात, कारण तेल फुप्फुसात गेलं तर खोकल्याची उबळ येते. मला एकदा आली, पाच मिनिटांत गेली. पण टोचलेलं परत काढता येत नाही, त्यामुळे हिमॅटोक्रिट ५२ वर असताना मी तरी घाई केली नसती. आणि दुसरं मूल हवंय का? बाहेरचं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू वाढवत नाही, उलट दाबतं. पिट्यूटरीवाल्यांना त्यासाठी एचसीजीची (वृषणांना चालना देणारं हार्मोन) इंजेक्शनं देतात. मला हे कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पुढच्या इंजेक्शनआधी रक्त तपासून डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्या मुलाचं बायकोला विचारलं. म्हणाली, आहे तिला आधी खांद्यावरून उतरवा.