अँटिजेन चाचणीचा निगेटिव्ह अहवाल आणि वॉर्डातील प्रवेश

‘विशिष्टता 99 टक्क्यांवर असल्याने रुग्ण दाखल करताना कोविडची रॅपिड अँटिजेन चाचणी पुरेशी आहे’ हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. विशिष्टता म्हणजे बाधा नसलेल्यांपैकी किती जणांचा अहवाल निगेटिव्ह येतो ते प्रमाण; त्यामुळे पॉझिटिव्ह अहवालावर भरवसा ठेवता येतो. वॉर्डात घेताना मात्र प्रश्न निगेटिव्ह अहवालाचा असतो आणि तिथे संवेदनशीलता, म्हणजे बाधितांपैकी किती जण चाचणीत सापडतात ते प्रमाण, पाहावी लागते. जून 2020 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) पहिल्या अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हाच्या मूल्यमापनात संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के इतकीच होती, आणि म्हणूनच लक्षणे असलेल्या निगेटिव्ह रुग्णाची आरटी-पीसीआर (प्रयोगशाळेतली अधिक संवेदनशील चाचणी) करावी असे त्याच सूचनेत म्हटले होते. हजार रुग्णांत 50 बाधित धरले, तर 50.6 टक्क्यांच्या आकड्यानुसार सुमारे 25 जण निसटतात.

चर्चेत न आलेली गोष्ट नमुना हाताळण्याची. एप्रिल 2021 मध्ये इंदूरला माझ्या सासऱ्यांना मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केले, तेव्हा स्वॅब बफरच्या (नमुना मिसळण्याच्या द्रावणाच्या) नळीत घालून ती नळी जवळजवळ दोन तास टेबलावरच पडून होती, कारण एवढ्या रांगेला तंत्रज्ञ एकच होता. वास्तविक बफरमधील नमुना तासाभरात तपासायचा असतो आणि पट्टी 15 ते 30 मिनिटांत वाचायची असते. अहवाल निगेटिव्ह आला, त्यांना सर्वसाधारण वॉर्डात खाट मिळाली, तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह निघाली. उशिरामुळेच असे झाले असा माझा दावा नाही. दाखल होताना विषाणूचे प्रमाणच कमी असणे तितकेच शक्य आहे. पण त्या तीन दिवसांत शेजारच्या दोन्ही खाटांवर रुग्ण होते.